औषध थांबलं की खाज परत: कुत्र्यामांजरांच्या त्वचेचं दुखणं का उलटतं आणि मूळ कसं शोधायचं

कुत्रं रात्रभर खाजवतं. डॉक्टर इंजेक्शन देतात, दोन दिवसांत खाज थांबते, घरातल्यांना झोप लागते. काही आठवडे बरे जातात आणि मग पुन्हा तेच लाल पोट, तेच चाटून ओले झालेले पंजे. शॅम्पू बदलतो, खाणं बदलतं, डॉक्टरही बदलतात, दुखणं मात्र उलटत राहतं. मांजराच्या बाबतीत तर खाजवताना कुणी पाहिलेलंही नसतं, एक दिवस उचलून घेतल्यावर कळतं की पोटावरचे केस गेलेत.

असं वारंवार होत असेल तर एक गोष्ट आधी मनात पक्की करा. खाज थांबणं म्हणजे आजार बरा होणं नव्हे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने जवळजवळ कुठलीही खाज काही काळ दबते, मग ती पिसवांची असो, यीस्टची (कातडीवर राहणाऱ्या एका बुरशीची) असो की ॲलर्जीची. कारण जिथल्या तिथे राहतं आणि औषधाचा असर ओसरला की पुन्हा डोकं वर काढतं. स्टेरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. योग्य वेळी, योग्य मात्रेत त्याने प्राण्याचे फार हाल वाचतात. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी तेच इंजेक्शन घ्यावं लागत असेल, तर निदान अजून झालेलं नाही असं समजा.

दुसरी गोष्ट अशी की उलटणाऱ्या दुखण्यात बहुधा एकच कारण नसतं. थोड्या पिसवा, त्यावर खाजवून झालेला जंतुसंसर्ग आणि मुळात धुळीची ॲलर्जी, अशी बेरीज झालेली असते. एका गोष्टीवर उपचार होतो, बाकीच्या राहतात. म्हणून क्रमाने जायचं. आधी परजीवी, मग जंतू आणि यीस्ट, आणि हे दोन्ही आटोक्यात आल्यावरच ॲलर्जी. उलट्या क्रमाने गेलं की महिने वाया जातात. पिसवा असताना केलेल्या खाण्याच्या चाचणीतून काहीच कळत नाही, कारण खाज कशाने कमी झाली आणि कशाने राहिली हे सांगताच येत नाही.

आधी स्वतः नीट बघा

चांगल्या उजेडात, प्राणी शांत असताना, केस उलट्या दिशेने बाजूला करत कातडी बघा. खाज कुठे आहे यावरूनच बरंच कळतं. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर असेल तर पहिला संशय पिसवांवर. कानांच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे यांवर असेल तर खरूज. पंजे, तोंडाभोवतीचा भाग, काखा, जांघा आणि कान यांवर असेल तर ॲलर्जी. बूड जमिनीवर घासत चालत असेल तर गुदग्रंथी भरल्या असतील, पण हेच वारंवार होत असेल तर त्यामागेही ॲलर्जी असू शकते.

मग आठवून बघा, आधी खाज सुरू झाली आणि पुरळ नंतर आली, की आधी टक्कल पडलं, फोड आले आणि खाज मागाहून आली? पहिला प्रकार परजीवी आणि ॲलर्जीकडे बोट दाखवतो, दुसरा जंतुसंसर्ग, गजकर्ण किंवा डेमोडेक्सकडे (कातडीत राहणारे माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे). डॉक्टर हा प्रश्न विचारतातच, आणि ऐनवेळी बहुतेकांना आठवत नाही. वयही सांगा. पहिला त्रास पिल्लू असताना झाला, तरुण वयात झाला की सातव्या-आठव्या वर्षी पहिल्यांदाच, यावर तपासाची दिशा ठरते.

पिसवा: "आमच्याकडे नाहीतच" हे आधी तपासून बघा

पिसवा दिसल्या नाहीत म्हणजे त्या नाहीत असं होत नाही. मांजर इतकं चाटतं की स्वतःच्या अंगावरच्या पिसवा गिळूनच टाकतं. त्यामुळे पिसू शोधण्यापेक्षा तिची विष्ठा शोधा. बारीक दातांचा कंगवा कमरेवरून शेपटीच्या मुळाकडे सावकाश ओढा, त्यात अडकलेले काळे बारीक कण पांढऱ्या ओल्या टिश्यूवर झटका आणि मिनिटभर थांबा. साधी माती असेल तर कण काळेच राहतात. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस कडं पसरतं, कारण ते पचलेलं रक्त असतं. ही चाचणी अगदी साधी आहे आणि मी ती सगळ्यांत आधी करायला सांगते.

काही प्राण्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते. अशांना अंगभर पिसवा लागत नाहीत, मोजक्या चाव्यांनीही कंबर सोलून निघते. मांजरांमध्ये याच ॲलर्जीने मान आणि पाठीवर बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या येतात. त्या दिसण्याआधी हाताला लागतात.

उपचार करूनही पिसवा परत येतात त्याचं कारण त्यांच्या जीवनचक्रात आहे. मादी रोज 40 ते 50 पर्यंत अंडी घालते. ती केसांना चिकटून राहत नाहीत, गादीवर, गालिच्यावर, सोफ्याच्या फटींत गळतात. अंड्यातून अळी निघते, अळी कोष विणते, आणि कोषातली पिसू महिनोन्‌महिने बाहेर न येता थांबू शकते. ऊब, हादरा किंवा जवळ कुणी श्वास घेतल्याची चाहूल लागली की ती बाहेर पडते. कोषावर बहुतेक फवारण्या चालत नाहीत. म्हणून औषध लावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी नव्या पिसवा दिसल्या की लोकांना वाटतं औषध फुकट गेलं. बहुधा औषध नीट चालू असतं, घरातले जुने कोष फुटत असतात.

म्हणून सलग निदान तीन महिने, तारीख न चुकवता, घरातल्या प्रत्येक कुत्र्याला आणि मांजराला औषध द्यायचं. जो खाजवत नाही त्यालासुद्धा. तो खाजवत नाही कारण त्याला ॲलर्जी नाही, पिसवा त्याच्याही अंगावर असू शकतात. अंथरुणं 60 अंशांच्या पाण्यात धुवा. व्हॅक्यूम रोज फिरवा, विशेषतः प्राणी झोपतो त्या जागी आणि जड फर्निचरखाली. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषांतल्या पिसवा बाहेर येतात आणि औषध लावलेल्या प्राण्यावर बसून मरतात. मानेवर टाकायचं स्पॉट-ऑन, म्हणजे थेंबांचं औषध, केसांवर नको, केस बाजूला करून थेट कातडीवर टाका आणि त्याच्या आधी-नंतर दोन दिवस अंघोळ टाळा. इथे चूक झाल्याने "औषध लागू पडलं नाही" असं वाटणारी घरं पुष्कळ आहेत.

आणि एक इशारा, जो मी दरवेळी देते. कुत्र्यासाठीचं स्पॉट-ऑन मांजराला कधीही लावू नका. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. कंप, झटके आणि मृत्यूही येतो. घरात दोन्ही असतील तर कुत्र्यावरचं असं औषध पूर्ण सुकेपर्यंत मांजराला त्याच्यापासून दूर ठेवा, किंवा मांजराला निर्धोक असलेलंच औषध कुत्र्यासाठी मागून घ्या.

खरूज आणि इतर माइट्स

खरजेची खाज सगळ्यांत भयंकर. कुत्रं खाणं सोडून खाजवतं. कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला लागतो, ही जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते, मात्र तेवढ्यावर निदान ठरत नाही. घरातल्या माणसांच्या हातांवर किंवा पोटावर खाजरी पुरळ उठली असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण कुत्र्याची खरूज माणसाला तात्पुरती लागते.

दुखणं लांबतं ते कातडी खरवडून केलेल्या तपासणीमुळे. खरजेचे माइट्स संख्येने फार थोडे असतात आणि बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकाखाली सापडतच नाहीत. रिपोर्टमध्ये "माइट्स नाहीत" आलं म्हणून खरूज नाही असं होत नाही. लक्षणं जुळत असतील तर अनुभवी डॉक्टर सरळ उपचार करून बघतात आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

डेमोडेक्सची गोष्ट वेगळी. हे माइट्स आईकडून पिल्लाला पहिल्या काही दिवसांतच मिळतात आणि बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर आयुष्यभर काही न करता राहतात. प्रतिकारशक्ती कमी पडली की वाढतात. पिल्लाच्या डोळ्यांभोवती, तोंडाशी, पुढच्या पायांवर छोटी टकलं पडतात, सुरुवातीला खाज नसते. दुसऱ्या कुत्र्याला किंवा माणसाला ते लागत नाहीत. एक-दोन चट्टे पुष्कळदा आपोआप भरतात. पण अंगभर पसरलं असेल तर उपचार लांबतो, आणि केस उगवले म्हणून थांबायचं नसतं. महिन्याभराच्या अंतराने दोनदा तपासणी स्वच्छ येईपर्यंत औषध चालू ठेवतात. या आजारात स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो. मोठ्या वयात पहिल्यांदाच डेमोडेक्स उसळला तर आत दुसरा आजार आहे का ते शोधावं लागतं.

हल्ली खरूज, डेमोडेक्स, पिसवा आणि गोचीड या सगळ्यांवर चालणाऱ्या आयसॉक्साझोलिन गटाच्या गोळ्या मिळतात आणि त्यांनी काम फार सोपं केलं आहे. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन किंवा मोठी मात्रा कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत एका जनुकीय दोषामुळे मेंदूपर्यंत पोचते आणि जिवावर बेतते. संकरित कुत्र्यातही तो दोष असू शकतो.

कानातले माइट्स मांजरांमध्ये आणि पिल्लांमध्ये जास्त. कान झटकणं आणि आत कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ. त्यांचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं, म्हणून चार दिवस थेंब घालून सोडलं की ते परत येतात. इथेही घरातल्या सगळ्या प्राण्यांवर एकदम उपचार हवेत.

गजकर्ण

हा बुरशीचा आजार. गोल टक्कल, मध्ये कोंडा, कडा लालसर, असं पुस्तकी चित्र कधी दिसतं, कधी नाही. लांब केसांच्या मांजरावर काहीच न दिसता बुरशी असू शकते आणि मग घरातल्या मुलाच्या हातावर चट्टा उठल्यावरच शोध लागतो. विशिष्ट निळ्या दिव्याखाली काही केस हिरवट चमकतात, पण सगळ्या बुरशी चमकत नाहीत आणि औषधांचे डागही चमकतात. खात्रीसाठी कल्चर करावं लागतं, म्हणजे नमुना घेऊन प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघावी लागते, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

गजकर्ण उलटतं त्याचं मुख्य कारण घर. संसर्ग झालेल्या केसांतले बीजाणू कोरड्या जागी वर्षभराहूनही जास्त टिकू शकतात. तोंडाने औषध आणि अंगाला औषधी अंघोळ हे दोन्ही चालू असताना घरातले केस हटवणं तितकंच गरजेचं. प्राण्याला सहज साफ करता येईल अशा एका खोलीत ठेवा, केस रोज गोळा करा, फरशी आधी साबणाने धुवून मगच जंतुनाशक वापरा. मळावर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. मात्र पिल्लाला महिनोन्‌महिने एकटं कोंडून ठेवू नका, हातमोजे घालून रोज त्याच्याशी खेळा. चट्टे गेले म्हणून नव्हे, कल्चर स्वच्छ आलं की उपचार थांबवायचे.

जंतू आणि यीस्ट: मधला थर

कातडी खरचटली, ओली राहिली की तिथे नेहमीच राहणारे स्टॅफिलोकॉकस जंतू वाढतात. लहान पिवळे फोड येतात, ते फुटतात आणि मागे कडेने पापुद्रा सुटलेलं गोल उरतं. हे गोल पुष्कळांना गजकर्ण वाटतं आणि बुरशीचं मलम चालू होतं. यीस्टची खूण म्हणजे वास. आंबूस, तेलकट, अंघोळीनंतर दोन दिवसांत परत येणारा. कातडी काळी, जाड पडते, पंज्यांच्या बोटांमध्ये तपकिरी रंग चढतो.

दोन्हींचं निदान पाच मिनिटांत होतं. चिकटपट्टी किंवा काचपट्टी कातडीवर दाबायची, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. ही तपासणी न करता दर वेळी नवं अँटिबायोटिक देणं मला पटत नाही. तसं करत गेलं की औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात. एका औषधाने फरक पडला नाही तर कल्चर करून मगच पुढचं निवडावं. आणि दिलेला कोर्स फोड सुकले म्हणून मध्येच सोडू नका, संपण्याआधी एकदा दाखवून या.

वरवरच्या संसर्गाला क्लोरहेक्सिडीनच्या शॅम्पूने पुष्कळदा गोळ्यांशिवायच आराम पडतो, अट एवढीच की फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे. घड्याळ लावून बघा, दहा मिनिटं फार मोठी असतात, बहुतेक जण दोन मिनिटांत धुऊन टाकतात. आठवड्यातून दोन-तीनदा, खाजरा भाग आधी, आणि शेवटी बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं पुसायचं. शॅम्पू कुत्र्याचा आणि मांजराचा त्या त्या प्राण्यासाठीचाच असावा. माणसाचा नको, दोघांच्या कातडीची आम्लता वेगळी असते.

जंतुसंसर्ग दर दोन महिन्यांनी परत येत असेल तर तो मूळ आजार नाही. त्याच्याखाली काहीतरी आहे.

ॲलर्जी: बरी होत नाही, आवरता येते

परजीवी नाहीत, संसर्ग गेला, तरी खाज उरली. आता ॲलर्जीकडे वळायचं. कुत्र्यांमध्ये धूळ, परागकण यांची ॲलर्जी बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते. ठरावीक ऋतूत वाढत असेल तर संशय पक्का होतो. बारमाही असेल तर खाण्याची ॲलर्जी वगळावी लागते, कारण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या चाचण्या विकल्या जातात. त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. खात्रीचा मार्ग एकच आहे. आठ आठवडे फक्त असं अन्न, ज्यातलं प्रथिन त्या प्राण्याने आधी कधी खाल्लेलं नाही, किंवा डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइज्ड अन्न, ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर ते सहसा ओळखत नाही. कुत्र्यांमध्ये गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू, मांजरांमध्ये गोमांस, मासे आणि कोंबडी ही नेहमीची कारणं आहेत. "धान्य बंद केलं" म्हणून काम झालं असं समजू नका.

चाचणी फसते ती घरातल्या माणसांमुळे. एक बिस्किट, जेवताना खाली टाकलेला तुकडा, मांसाच्या चवीची जंताची गोळी, दुसऱ्या प्राण्याच्या भांड्यातले दोन घास. एवढ्याने आठवडे वाया जातात. घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांना आणि पाहुण्यांनासुद्धा, आधी बसवून सांगा. बक्षीस म्हणून त्याच अन्नाचे दाणे एका डबीत वेगळे काढून ठेवा, म्हणजे द्यायचा मोह झाला तर तेच देता येतील.

आठ आठवड्यांनी खाज कमी झाली तरी निदान पूर्ण झालेलं नसतं. आता जुनं अन्न मुद्दाम परत द्यायचं. खाज साधारण दोन आठवड्यांच्या आत परत आली आणि नवं अन्न दिल्यावर पुन्हा गेली तर ॲलर्जी खाण्याचीच. ही पायरी लोक टाळतात, बऱ्या झालेल्या जिवाला पुन्हा त्रास कशाला, असं वाटतं. मला ती भावना कळते. पण ती टाळली की प्राणी कदाचित विनाकारण जन्मभर मोजक्या अन्नावर राहतो.

खाण्याची नसेल तर वातावरणाची ॲलर्जी उरते. ती मुळापासून जात नाही, हे आधी स्वीकारलं की पुढचं सोपं होतं. कुत्र्यांसाठी ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, ज्यांनी दिवसाभरात आराम पडू लागतो पण ज्या एक वर्षाखालच्या कुत्र्याला देत नाहीत. लोकिवेटमॅबचं इंजेक्शन, चार ते आठ आठवडे पुरणारं, फक्त कुत्र्यांसाठी. सायक्लोस्पोरिन कुत्र्यामांजरांना चालतं, पण असर दिसायला महिना-दीड महिना लागतो, आठवड्यात सोडू नका. ॲलर्जीच्या घटकांची इंजेक्शनं देऊन शरीराला सवय लावण्याचा उपचारही आहे. तो लागू पडतोय का हे ठरवायला वर्षभर थांबावं लागतं. तरुण प्राणी असेल तर मला हा मार्ग विचारात घेण्याजोगा वाटतो, पुढची बरीच वर्षं असतात. हे सगळं चालू असतानाही पिसवांचं औषध आणि औषधी अंघोळ सुटता कामा नये, नाहीतर बेरीज पुन्हा वाढते.

मांजराचं वेगळं

मांजर लपून चाटतं. पोट, मांड्यांची आतली बाजू टकली होते, कातडी मात्र स्वच्छ दिसते. मग "केस गळतात" किंवा "टेन्शनमुळे चाटतं" असं निदान घरीच होतं. टकल्या जागेच्या कडेवर उलटं बोट फिरवा. खुंट टोचले तर केस गळलेले नाहीत, जिभेने तोडलेले आहेत. डॉक्टर तोच केस सूक्ष्मदर्शकाखाली बघून टोक तुटलेलं आहे का ते सांगतात. तुटलेलं असेल तर खाजेचंच कारण आधी शोधा, पिसवांपासून सुरुवात करून. निव्वळ मनाच्या ताणाने चाटणारी मांजरं समजतात त्यापेक्षा फार कमी असतात.

हनुवटीवर काळे ठिपके येत असतील तर प्लॅस्टिकची भांडी बदलून स्टीलची किंवा काचेची वापरा, रोज धुवा. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर किंवा नाकावर न भरणारी खपली असेल तर वाट बघू नका. उन्हाने होणारा कर्करोग तिथेच सुरू होतो आणि लवकर कापून काढला तर बरा होऊ शकतो.

खाज अजिबात नाही आणि दोन्ही कुशींवर सारखं टक्कल पडतंय, कुत्रं सुस्त आणि जाड होतंय, किंवा पाणी फार पितंय आणि पोट सुटलंय, तर कारण थायरॉइड किंवा कुशिंगसारख्या हार्मोन्सच्या आजारात असू शकतं. तिथे शॅम्पूचा काही उपयोग नाही, रक्ततपासणी करा.

काय लावू नये

रॉकेल, इंजिन ऑइल, फिनाइल, टी ट्री ऑइल, माणसाची दुखण्याची मलमं, उरलेली जुनी क्रीम. प्राणी अंगावरचं सगळं चाटतो, म्हणजे ते त्याच्या पोटात जातं. मांजरांना तर यांतलं बरंच काही थेट विष आहे. माणसाच्या खाजेच्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र मिसळलेलं असतं, त्याने गजकर्ण आणि डेमोडेक्स दोन्ही झाकले जातात आणि पसरतात.

काही तासांत तळहाताएवढा ओला, लाल, दुखरा चट्टा उठला तर तो हॉट स्पॉट. चाटणं ताबडतोब थांबवायला गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घाला आणि त्याच दिवशी दाखवा, भोवतीचे केस कापून जागा मोकळी करावी लागते. तोंड किंवा पापण्या सुजल्या, श्वास लागला, अंगभर फोड येऊन ताप आला, तर रात्र असली तरी थांबू नका.

डॉक्टरांकडे जाताना फोटो न्या, बरं असतानाचे आणि वाढलेलं असतानाचेही, तारखेसह. आतापर्यंतच्या सगळ्या औषधांची नावं, किती दिवस दिली आणि थांबवल्यावर किती दिवसांत उलटलं ते लिहून न्या. रोजची खाज 0 ते 10 मध्ये वहीत टिपत गेलात तर औषधाचा खरा फरक कळतो, नुसत्या आठवणीवर कळत नाही. आणि जायच्या आधी दोन-तीन दिवस अंघोळ घालू नका, कानातला मळ पुसू नका, फोडांवर मलम लावू नका. तपासणीचे नमुने तिथूनच घ्यायचे असतात.